शंभर एन

"ये टर्म छोटी है, छोड़ दो." फळ्यावर लिहिलं होतं, एनचा वर्ग अधिक शंभर एन. सरांनी त्यातलं शंभर एन खोडलं. मग खडू माझ्याकडे रोखला. "जैसे ये मैडम. इनका तो कोटा है. गणित आए न आए, क्या फ़र्क़ पड़ता है?"

वर्ग हसला. शेजारची मुलगी हळूच सरकून बसली.

मी एवढंच विचारलं होतं, की एन केवढा आहे हे न बघता पद कसं सोडायचं?

दिल्लीत मयूर विहारमधल्या नव्या फ्लॅटमध्ये क्लास चालायचा. बाहेर परदेशी कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या, आत आम्ही सरकारी परीक्षेची तयारी करत होतो. मी मराठवाड्यातून एकटी आलेली. सर मराठी. त्यांची बायको, काकू, केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून आर. के. पुरमला क्वार्टर. रविवारी मला जेवायला बोलवायचे. दिल्लीत तेवढंच मराठी कानावर पडायचं.

त्याच जेवणावर त्यांनी एकदा जात विचारली. मी सांगितली. माझा भाताचा घास हातातच राहिला होता.

"इथे कुणाला सांगू नकोस, पोरी. मी आहे ना."

किती सुटल्यासारखं वाटलं होतं! दिल्लीत माझी जात एकाच माणसाला माहीत होती. त्यानंच ती भर वर्गात भिरकावली. एका प्रश्नासाठी.

मी उठले. खडू घेतला. एन बरोबर दहा, असं लिहिलं. एनचा वर्ग शंभर. शंभर एन, हजार.

"बताइए सर, छोटा कौन है?"

सर जवळ आले. आवाज खाली, आणि मराठीत. "बैस खाली. आपल्यातलं आपल्यात ठेवावं."

"आपल्यातलं?" मी मोठ्यानं म्हणाले. "तुमच्यातलं काय आणि माझ्यातलं काय, ते आत्ताच सांगितलंत की सगळ्यांना."

मग वर्गाकडे वळून हिंदीत माझं पूर्ण नाव सांगितलं. जात सांगितली. पिशवी उचलली. जिना उतरताना रडू फुटलं, ते अपमानाचं नव्हतं. त्या रविवारच्या जेवणांचं होतं.

परत गेले नाही. गाझियाबादला खोली घेतली, एकटीनं अभ्यास केला.

तेव्हापासून माझी जात मी कुणाच्या दयेवर ठेवत नाही. कुणी विचारायच्या आत मीच सांगते. सरळ डोळ्यांत बघून. नजर खाली घालायची असेल, तर आता समोरच्यानं घालावी.