मागावरची नसलेली मानसं

उत्कर्षाचं दुकान म्हंजे दुकान नव्हतंच बगा. फळी न्हाय, कुलूप न्हाय, गल्ला न्हाय. मोबाइलमधी एक पान, आन् त्यात घोंगड्यांचे फोटू. लोकांनी तितं बोट लावायचं, आन् घोंगडं जायचं परस्पर सिदूमामाच्या घरनं. उत्कर्षाच्या हाताला लोकरीचा एक केस बी लागत नव्हता. तिची आय म्हनायची, "हातात काय न्हाय आन् म्हनं दुकानदारीन." पन चाललं हुतं. सिदूमामाचं घर त्याच्यावरच चाललं हुतं.

सिदूमामा सोलापुरात अक्कलकोट रोडला, पार कडंला ऱ्हायचा. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आन् घोंगडं विनायचं, असला त्यो माग. त्याच्या बापाचा. त्या अंगाला दुसरा माग आता ऱ्हायलाच न्हाय. बायको कमलम्मा, माहेर कानडी मुलखातलं, दिवसभर लोकर कातायची. मूल न्हाय, बाळ न्हाय. दोगं आन् त्यो माग.

त्यांच्या घरात एक रीत हुती. ताना, म्हंजे उभं सूत, मागावर चढला की सिदूमामा त्याला हळद लावायचा आन् ज्याचं घोंगडं त्याचं नाव घ्यायचा. म्हनायचा, "आंगावर घ्यायची वस्तू हाय. मानसाच्या नावानंच विनावी." आन् एकदा नाव घेतलं की ते घोंगडं दुसऱ्या कुनाला द्यायचा न्हाय. कितीबी मागू दे, न्हाय म्हंजे न्हाय. उत्कर्षाला ते लई आवडलं. तिनं दुकानाच्या पानावर मोट्या अक्षरात लिवलं, तुमच्या नावानं विनलेलं घोंगडं. लोकं त्यालाच भुलली. कमलम्माला वाचता येत नव्हतं, मग उत्कर्षानं तिच्या मोबाइलमधी सोय करून दिली. आर्डर आली की मोबाइलच बोलायचा, अमक्या गावच्या अमक्याचं घोंगडं. कमलम्मा ऐकायची आन् मागापाशी जाऊन सांगायची.

हे पान तयार करून दिलं तन्वीरनं. नव्या पेठंत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्यानं पानाला एक राखन बसवली हुती. आर्डर द्यायच्या आदी चित्रं दिसायची, आन् त्यातलं कंच्यात सिग्नल हाय, कंच्यात सायकल हाय, ते बोटानं दावायचं.

"हे कशापाय?" उत्कर्षानं इचारलं.

"नेटवर मशिनं हिंडत असतेत," तन्वीर म्हनला. "मानूस नसतंय त्ये, पन मानसावानी नाव, पत्ता, समदं भरतंय. चित्राला अडतंय."

दिवाळीच्या आदी उत्कर्षाला कुर्डुवाडीहून एका म्हातारीचा फोन आला. मालक रेल्वेत हुता तिचा. म्हातारी लई तापलेली.

"पोरी, घोंगडं देतीस का परीक्षा घेतीस? सिग्नल दाव म्हनती. मी समदी चित्रं बगितली, त्यात एक बी सिग्नल न्हाय."

"हाय की आजी. चौकात तांबडा-हिरवा दिवा असतुया, त्यो."

"त्यो दिवा गं. सिग्नल मला शिकवू नगंस, माजं कुकू त्याच्यावर चाललं."

उत्कर्षा लई हसली. पन मागनं इचार केला, आपलं गिऱ्हाईक म्हंजे कंबर धरली म्हनून घोंगडं घेनारी म्हातारी मानसं. असली किती दारातनं माघारी गेली असतील? ती उठली आन् तन्वीरकडं गेली.

"त्यी चित्रं काडून टाक."

"काडायला काय, आत्ता काडतो. उद्या रडत येऊ नको."

"मशिन घोंगडं घेऊन काय करंल रं? त्येला काय थंडी वाजती?"

तन्वीरनं काडली.

आन् मग आर्डरींचा नुसता पूर आला. घोंगडं हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय हुती, त्यामुळं कुनाला काय अडत नव्हतं. कमलम्माचा मोबाइल उगवतीपास्नं बोलायला लागायचा. सिदूमामाला जेवायला सवड मिळंना. कमलम्माच्या बोटांना भेगा पडल्या, तिनं त्याला खोबरेल लावलं आन् परत कातायला बसली. हिवाळ्यासाटी राखलेली लोकर दिवाळीतच संपत आली. उत्कर्षा घरात पेढं वाटत फिरली.

एकदा मोबाइलनं नाव सांगितलं, ते कमलम्माला काय उच्चारंना. उत्कर्षाला फोन लावला, तिनं बगितलं, नुसती अक्षरं एकापुढं एक.

"असंल मामी कुनी लांबच्या मुलखातलं," ती म्हनली.

सिदूमामा ते नाव घोकत बसला. चुकीचं नाव घेऊन हळद लावायची कशी? जिभंला वळन लागलं तवाच त्यानं धोटा हातात धरला.

मग पार्सलं माघारी यायला लागली. कुरियरवाला म्हनायचा, ह्या पत्त्यावर हा मानूस न्हाय. पयलं पार्सल आलं तवा सिदूमामा चुलीपाशी बसला हुता. त्यानं कमलम्माला इचारलं, "गेला असंल का गं बिचारा? घोंगडं पोचायच्या आदीच?" आन् उटून न्हानीत गेला, त्या नावानं पानी सोडलं. दुसरं आलं, तवा बी. मग दोन-चार दिवसांआड एक यायला लागलं आन् हा मानूस दर खेपंला त्या नावानं पानी सोडायला लागला. घोंगडी कोपऱ्यात रचली. कमलम्मा म्हनली, एवड्या मानसांवर काय रोग आला काय.

उत्कर्षानं माघारी आलेल्या समद्यांचे नंबर लावले. एक बी लागला न्हाय. तन्वीरकडं गेली. त्यानं आर्डरींचे आकडे बगितले आन् पडदा तिच्याकडं फिरवला.

"काय बोल्लो हुतो मी तुला? मशिन हाय. एकाच जागंनं समदं आलंय. कुनी सोडलं, का सोडलं, ते इचारू नको, कळत नसतंय."

"आता मामाला काय सांगू?"

"ते मला काय माहीत. चित्रं परत लावतो. आन् आर्डर आली की तू सोता फोन करायचा, मानूस बोलला तरच फुडं."

तिनं समदं केलं. पन सिदूमामाला सांगायचं तिला चुकलं न्हाय. मागापाशी खाली बसून सांगितलं. खरं काय ते सांगितलं, राखन आपनच काडली ते बी.

सिदूमामाला आदी कळलंच न्हाय. "म्हंजे मेली न्हाईत?"

"नव्हतीच मामा. एक बी नव्हतं."

"मग मी नाव कुनाचं घेतलं?"

कमलम्मानं कानडीत त्याला कायतरी सांगितलं, त्यानं हातानंच तिला थांबवलं.

"जित्या मानसाचं नाव घ्यावं म्हनून बापानं सांगितलं," त्यो म्हनला. "आन् जे नव्हतंच, त्याला मी पांघरून घातलं, वर पानी बी सोडलं. काय ओडवून घेतलं ते मलाच ठावं न्हाय."

"इकून टाकू ती घोंगडी. कोन इचारतंय?" उत्कर्षा म्हनली.

"मी इचारतोय की."

मग त्यानं सांगितलं, हितनं फुडं ज्याचं घोंगडं, त्यानं हितं यायचं. तोंड बगितल्याबिगर नाव घेनार न्हाय.

चार-आट दिवसांनी एक आर्डर आली. श्रीपूरची सोजरबाई. मालक साखर कारखान्यात. उत्कर्षानं फोन केला, बाई खरी निगाली, लई बोलकी. पन कमरंला पट्टा बांधून खाटंवर पडलेली, उटून बसता येत नव्हतं. सोलापूरला येनार कशी? उत्कर्षानं अक्कल लडवली. मोबाइल घेऊन सिदूमामाकडं गेली आन् सोजरबाईला व्हिडिओतनं समोर आनली.

"रामराम मामा," सोजरबाई पडल्या पडल्या म्हनली. "माजं तोंड बगा म्हनं. बगन्यासारकं काय ऱ्हायलं न्हाय."

सिदूमामानं मोबाइल हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. सोजरबाईनं हात जोडले, आन् तवाच नेट अडकलं. हात तसंच, तोंड तसंच उगडं, डोळ्याची पापनी बी हलंना.

सिदूमामानं मोबाइल माघारी दिला. "हे बी तसलंच हाय पोरी."

"न्हाय मामा, नेट गेलं जरा. खरी बाई हाय."

"तवा बी तू 'असंल कुनी लांबच्या मुलखातलं' म्हनली हुतीस."

त्यो मागातनं वर आला, ताना सोडायला घेतला. आन् मोबाइल बोलायला लागला, "मामा, आइकू येतंय का? मी हाय की हितं." त्यानं मान वळवली न्हाय. कमलम्मानं पदर तोंडाला लावला.

उत्कर्षा अंगनात आली.

"मावशी, घोंगडं हुनार न्हाय."

"का गं? पैसे आदी देते की."

"पैशाचं न्हाय. मामानं विनायचं सोडलं."

"मग दुसरा कोन असंल त्याचा नंबर दे. थंडी कमरंत शिरती गं माज्या."

उत्कर्षानं घराकडं बगितलं. आत मागाची लाकडं खाली पडल्याचा आवाज येत हुता.

"दुसरा कोन न्हाय, मावशी," ती म्हनली.