तारलीच्या तेलाची गोळी

दुपारचं जेवण झालं की मी पडवीत चटई टाकून आडवी होते. डोळे मिटतायत, पुरते मिटत नाहीत. समुद्राचा आवाज हळूहळू उशाशी येतो, आणि बघते तर कट्ट्यावर आबा बसलेत.

आबा म्हणजे माझे वडील. देवगडच्या बंदरात जन्मभर होडी चालवली त्यांनी. ते आता नाहीत, हे मला झोपेतही ठाऊक आहे. बोलून दाखवायला मात्र जीभ रेटत नाही.

शेवटी शेवटी त्यांच्या मनातून एकेक माणूस पुसलं गेलं. आधी शेजारी, मग नातवंडं, मग मी. डॉक्टर म्हणाले होते, माशाच्या तेलाच्या गोळ्या देऊन बघा, म्हातारपणी मेंदूला कदाचित बरं पडतं, पण खात्री नाही. त्या ‘कदाचित’वर भार टाकून मी रोज सकाळी त्यांच्या तळहातावर गोळी ठेवायची. सुरुवातीला ते हसायचे. जन्मभर ताजी तारली खाल्ली, आता तिचं तेल गोळीतून खायचं का, म्हणायचे. पुढे हसणंही गेलं. मला ते द्रौपदी म्हणू लागले. ते माझ्या आईचं नाव. तीही केव्हाच गेलेली.

आता मात्र ते नातवंडांची नावं घेऊन एकेकाची चौकशी करतायत. एकही नाव चुकत नाही. पायाखालचं सारवण ओलं होतं, त्याची वाळू होते. आम्ही बंदरावरून चालतोय. टोपल्या भरलेल्या आहेत, माणूस एक नाही. पुढे गुडघाभर पाण्यात दवाखान्यातली बाकं ओळीने मांडलीत. आबा एका बाकावर बसतात आणि सरकून मला जागा देतात.

“आबा, त्या गोळयेचो काय उपेग झालो?” मी विचारते.

ते पूर्वीसारखे नुसते हसतात. मग मला खरं विचारायचं होतं ते विचारते.

“शेवटाक मी कोण, ह्या तुमका कळत होता?”

ते वाकून पाण्यात हात बुडवतात.

“नाव नाय आठवायचा, शैला. पण तू जवळ इलंस की बरा वाटायचा.”

त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकून मला रडू फुटतं. ते माझं मनगट धरतात. हात गार आहे, खरखरीत, नुकतंच जाळं ओढून आल्यासारखा. घरी चला, म्हणायला मी तोंड उघडते, तर बाकाची होडी झालेली असते आणि मी वाळूवर उभी. आबा मागे वळत नाहीत. वारा कुठला आहे ते बघतायत, कामाला निघाल्यासारखे.

जाग येते तेव्हा ऊन पडवीतून उतरलेलं आहे. मनगटाला काहीतरी चिकटलंय. माशाचा खवला, नखाएवढा, अजून ओला. आबा गेल्यापासून या घरात मासळी आलेली नाही.

आतून सून चहाला हाक मारते. मी हात पदराखाली घेते आणि तशीच बसून राहते.