तिसऱ्या घटकातलं वाक्य

चोवीस वर्षांच्या नोकरीत पुंजा भोये यांनी बैठकीत एकदाच तोंड उघडलं.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका स्वायत्त महाविद्यालयात ते वरिष्ठ लिपिक. अभ्यासक्रम समितीची बैठक असली की विषयपत्रिका काढायची, सभासदांना फोन करायचे, प्रत्येकापुढे फाइल ठेवायची, भिंतीकडच्या खुर्चीवर बसून टिपणं घ्यायची आणि दोन दिवसांत इतिवृत्त टाइप करून सहीला पाठवायचं, हे त्यांचं काम. इतिवृत्तात कोण काय बोललं ते असतं. लिहिणारा त्यात नसतो. भोयेंना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरून आश्रमशाळा, आश्रमशाळेतून नाशिकचं वसतिगृह, तिथून टायपिंगची परीक्षा देत ते या खुर्चीपर्यंत आले होते. खुर्ची पंख्याखाली होती.

त्या वर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाला एक नवा विषय आला. ‘आपल्या भोवतीच्या संस्कृती’. दोन श्रेयांक, सगळ्यांना सक्तीचा, मग मुलगा कॉमर्सचा असो की सायन्सचा. समितीच्या पाच बैठका झाल्या. एक अख्खी बैठक नावात ‘भोवतीच्या’ असावं की ‘परिसरातील’ यावर गेली. अध्यक्ष होते उपप्राचार्य धनराज सर. मसुदा लिहायचं काम समाजशास्त्राच्या योगिनी मॅडमकडे होतं. बाई कष्टाळू होत्या, हाताने लिहायच्या आणि भोयेंना टाइप करायला द्यायच्या.

तिसरा घटक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या लोकांवर होता. भोये टाइप करत होते. बोटं वाक्याच्या शेवटापर्यंत गेली, पूर्णविराम पडला, आणि मग त्यांनी ते वाचलं. ‘या समाजाला निश्चित गाव नसते, कामाच्या शोधात भटके जीवन जगणे हे त्यांच्या संस्कृतीचे वैशिष्ट्य होय.’

ते कागद घेऊन स्टाफरूममध्ये गेले.

“मॅडम, हे वाक्य जरा बघता का? आमच्याकडे सगळ्यांना गाव आहे. घर आहे, भाताची खाचरं आहेत. सोंगणी झाली की लोक दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात, पेरणीआधी परत जातात.”

“मी दिंडोरीला बागेतच भेटले होते त्यांना,” मॅडम म्हणाल्या. “ताडपत्रीच्या झोपड्यांत राहत होते. तुमच्याकडे याचा काही संदर्भ आहे का?”

“मी तिथलाच आहे.”

“तसं नाही हो भोये. छापील काही?”

छापील काही नव्हतं. मॅडमनी वाईट वाटून घेतलं आणि बैठकीत मांडा म्हणाल्या.

त्याप्रमाणे तिसरा घटक चर्चेला आल्यावर भोये उभे राहिले. धनराज सर म्हणाले, “भोये समितीवर नाहीत, पण बोलू द्या, आपलेच आहेत.” भोये चार वाक्यं बोलले. मॅडमना सांगितलेलीच. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. एका सरांनी नागलीची भाकरी मधुमेहाला चांगली असते का, ते विचारलं. भोयेंनी हो म्हटलं. मग पुढचा विषय आला.

इतिवृत्तात त्यांनी लिहिलं : ‘श्री. भोये यांनी तिसऱ्या घटकातील एका वाक्याबाबत हरकत नोंदवली.’ कच्चा मसुदा धनराज सरांकडून परत आला तेव्हा त्या ओळीवर पेन्सिलीची रेघ होती. समासात लिहिलं होतं, ‘सभासद नाहीत. वगळा.’ नियमाने ते बरोबरच होतं. भोयेंनी ओळ निवडली आणि डिलीट दाबलं. खालची ओळ वर सरकली, आणि ती बरोबर बसली.

दिवाळीत ते गावी गेले. आई, भागीबाई, अंगणात नागली वाळत घालत होती. त्यांनी तिला ते वाक्य सांगितलं.

“कोणी लिवलं?”

“आमच्या कॉलेजातल्या बाईंनी.”

“ती आली होती का इकडं?”

“नाही.”

“मंग तिला गाव कसं दिसंल?” तिने हाताने दाणे पसरले. थोड्या वेळाने विचारलं, “तसं लिवलं तर आपल्याला काय व्हतं?”

काही होत नव्हतं. जमीन तिथेच होती, घर तिथेच होतं. शेजारच्या दोन घरांना मात्र कड्या लागल्या होत्या. ती माणसं दोन दिवसांपूर्वीच जीपने दिंडोरीला गेली होती. परतीच्या वाटेवर भोये त्याच प्रश्नावर विचार करत राहिले, आणि वणीच्या पुढे तो विचारही थांबला.

पुढच्या जूनमध्ये त्यांची मुलगी मोहिनी त्याच महाविद्यालयात बी.एस्सी.ला आली. पहिल्या सत्राच्या परीक्षेहून आली तेव्हा तिने पेपर टेबलावर टाकला. भोयेंनी चाळला. सातवा प्रश्न होता : पश्चिम डोंगराळ भागातील समाजाचे जीवन कसे असते? पर्याय चार होते. पहिला ‘स्थिर शेतीचे’, तिसरा ‘भटके’.

“यात तू काय लिहिलंस?”

“तिसरा.”

“तुला माहीत आहे ना?”

“माहीत आहे बाबा. पण उत्तर तेच आहे. नोट्समध्ये आहे.” ती फ्रिज उघडून उभी होती. “पहिला लिहिला असता तर दोन मार्क गेले असते.”

ती पाणी प्यायली आणि आत गेली. भोयेंनी पेपर घडी करून तिच्या दप्तरावर ठेवला. राग आला नाही. यायला हवा होता, असं मात्र त्यांना वाटलं.

दुसऱ्या वर्षी महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला बाहेरची समिती येणार होती. त्याआधी फायली पूर्ण करायची घाई सुरू झाली. नव्या विषयाच्या फायलीत एक कागद कमी निघाला. ‘समाज प्रतिनिधीचा अभिप्राय’. धनराज सरांनी भोयेंना केबिनमध्ये बोलावलं.

“तुम्ही तिकडचेच. एवढी सही करून टाका. तारीख पहिल्या वर्षीच्या बैठकीची घाला, म्हणजे जुळेल.”

“सर, त्या वाक्याचं काय?”

“तीन वर्षांनी फेररचना आहेच. तेव्हा बघू.”

भोये दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. ते कागद घेऊन जागेवर आले. अभिप्रायासाठी रिकामी चौकट होती. सहीच्या आधी काहीतरी लिहायचं म्हणून त्यांनी बैठकीत बोललेली चारही वाक्यं पेनाने लिहिली. खाली सही केली. सरांनी सांगितलेली तारीख घातली. त्या दिवशी ते खरोखरच हे बोलले होते, त्यामुळे तारीख त्यांना खोटी वाटली नाही. सरांनी कागद न वाचता फायलीत लावला.

बाहेरून आलेल्या समितीत एक वयस्कर प्राध्यापिका होत्या. त्यांना फायली वाचायची सवय होती. दुपारच्या सत्रात त्यांनी तो कागद काढला.

“स्थानिक प्रतिनिधीने पहिल्याच वर्षी हरकत घेतली आहे. तरी तुम्ही तेच शिकवताय. का?”

धनराज सरांनी भिंतीकडच्या खुर्चीकडे पाहिलं. भोये टिपण घेत होते. सर म्हणाले, “मॅडम, विषय विचाराधीन आहे. लवकरच निर्णय होईल.”

अकरा दिवसांनी तातडीची बैठक झाली. योगिनी मॅडम म्हणाल्या, नव्याने लिहायचं तर संदर्भ नाहीत आणि सत्र तोंडावर आलंय. एक सभासद म्हणाले, मजकूर वादग्रस्त झालाय, ठेवायचाच कशाला? दहा मिनिटांत ठरलं. तिसरा घटक पूर्ण काढायचा आणि त्याचे सात तास चौथ्याला, म्हणजे शहरातील सण आणि खाद्यपदार्थ यांना द्यायचे. निघताना योगिनी मॅडम भोयेंपाशी थांबल्या. “तुमच्या मनासारखं झालं ना?” त्यांनी मनापासून विचारलं. भोये म्हणाले, “हो मॅडम.”

त्यांनी इतिवृत्त टाइप केलं. ‘घटक क्रमांक तीन वगळण्यात यावा, असे सर्वानुमते ठरले.’ ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. चौथ्या घटकाला तिसरा क्रमांक दिला. मग डबा खाल्ला. संध्याकाळी बायकोने भाजी कशी झाली होती विचारलं, तेव्हा कुठली होती तेच आठवेना.

जेवताना त्यांनी मोहिनीला सांगितलं. ती खायची थांबली.

“अख्खा काढला? आता आपल्याबद्दल काहीच नाही?”

“नाही.”

“पण मग तुम्ही लिहिलेलं त्यांनी वाचलं.”

“वाचलं,” भोये म्हणाले, आणि त्यांनी आमटीचं भांडं तिच्याकडे सरकवलं.