न उघडलेली वही

यास शहरातल्या एका कॉलेजात स्मारांदाबाई उद्योजकता शिकवायच्या. त्यांचा तास मुलांना आवडायचा. पुठ्ठ्याची दुकानं मांडायची, एकमेकांचं गिऱ्हाईक व्हायचं. धंदा सुचला की आधी दहा माणसांना विचारून यायचं, हा बाईंचा नियम.

एकदा इलिंका नावाची अबोल मुलगी उभी राहिली. तिच्या गावातली निम्मी तरणी माणसं इटलीत कामाला होती. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, त्यांची औषधं आणि सरपण बघायचं, आणि त्याचे पैसे त्यांच्या इटलीतल्या मुलांकडून घ्यायचे, असं तिने ठरवलं होतं.

"अगं, ही समाजसेवा झाली. धंदा कुठाय यात?" बाई म्हणाल्या. वर्ग हसला. इलिंका खाली बसली आणि पुढच्या वर्षी कॉलेज सोडून स्वतःच इटलीला गेली.

सात वर्षांनी, ईस्टरच्या सुट्टीत, ती लेकीला घेऊन बाजारात भेटली. तोवर तिने सुचवलेलं काम शहरातली दोन माणसं करू लागली होती, आणि त्यांचं चांगलं चाललं होतं. बाईंनी तिचा हात धरला.

"माझं चुकलं गं. अजूनही सुरू कर, मी मदत करते."

"मॅडम, मी गावातल्या दहा म्हाताऱ्यांना विचारून आले होते. वही तुमच्यासमोरच ठेवली होती, तुम्ही उघडली नाहीत." तिच्या आवाजात राग नव्हता. "त्यातल्या सहाजणी आता राहिल्या नाहीत. आणि हिची शाळा तिकडेच आहे."

ती परत निघाली, तेव्हा बाई मुद्दाम बसस्टँडवर गेल्या. खिडकीतून पोरीने हात हलवला, बाईंनीही हलवला. ती वही अजून आहे का, हे विचारायला त्या आल्या होत्या; तोवर बस सुटली.