काकाची हातोडी आणि माझी खूण

माझ्या काकाने उभ्या आयुष्यात तेरा जणांना मारलं. अकरावा फोरमन, बारावी मी. तेराव्याचं ओघात येईलच.

काका ओतकामाच्या कारखान्यात ओझी उचलायच्या कामावर होता. लोखंडाच्या अवजड ओतीव वस्तूंना साखळ्या बांधायच्या आणि क्रेनच्या हुकाला लावायच्या. उमेदीच्या काळात त्याच्या जोडीदाराने एकदा "साधारण इथे" म्हणत साखळी बांधली. ओझं हवेत कलंडलं आणि जोडीदार त्याच्याखाली चिरडला. रक्तावर वाळू टाकायचं काम काकाच्याच वाट्याला आलं. तेव्हापासून "साधारण" हा शब्द कानावर पडला की त्याचा हात सुटायचा. "मी माणसाला मारत नाही, अंदाजाला मारतो," असं वर म्हणायचा. पण अंदाजाला थोडेच दात असतात! पडायचे ते माणसांचेच.

मी कॉलेजात गणित शिकवते. एक दिवस काकाने माझ्यापुढे गाजराचे दोन तुकडे आपटले.

"बोटावर तोललं आणि बरोबर तिथेच कापलं. दोन्ही तुकडे सारखे भरायला हवेत की नकोत? जाडाच जास्त भरतो. का?"

"कारण नुसतं वजन बघून भागत नाही, काका. वजन गुणिले अंतर. शेपटाकडचा तुकडा हलका आहे, पण लांबवर पसरलाय."

मग दुसरं गाजर घेऊन मी त्याच्या पातळ चकत्या केल्या. चकतीचं क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले घनता, हे तिचं वस्तुमान. सगळ्यांची बेरीज केली की अख्ख्या गाजराचं. आता प्रत्येक चकतीच्या वस्तुमानाला टोकापासूनच्या अंतराने गुणायचं, ते सगळं मिळवायचं आणि एकूण वस्तुमानाने भागायचं. तोलाची जागा मिळते. चकत्या पातळ करत करत जाडी शून्याकडे नेली की याच बेरजेला संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, म्हणतात.

काकाने त्या चकत्या एकेक करून पुन्हा गाजरासारख्या मांडल्या. "पंचवीस वर्षं मी हेच हाताने चाचपत होतो गं," म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. मग सुरी उचलून टेबलात खुपसली. आपल्याला रडताना कुणी पाहिलेलं त्याला खपायचं नाही.

त्यानंतर अवघड ओझ्यांच्या आकृत्या आमच्या घरी यायला लागल्या. मी आकडा काढायची, काका तिथे खडूने खूण करायचा. तरी उचलण्याआधी हातोडीने ओझं अंगभर ठोकल्याशिवाय राहायचा नाही.

मग तो दहा टनांचा शंकू आला. जाड बाजूला आत मोठी पोकळी, तोंडावर झाकण. माझी खूण उचलली जाताना पाहायला मी मुद्दाम कारखान्यात गेले आणि नाक वर करून जाड टोकापाशी उभी राहिले. काका भेटेल त्याला सांगत होता, "पुतणीने काढलंय, मिलिमीटरपर्यंत!" त्या कौतुकात ठोकायचं राहून गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

ओझं वीतभर उठलं तेव्हा त्याची हातोडी सवयीने जाड बाजूवर पडली. खणखणीत वाजायला हवं होतं, आवाज बद्द आला. पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात आणि लोखंड थंड झालं की तो फोडून काढतात. हा कुणी काढलाच नव्हता. आकृतीत पोकळी होती म्हणून मी तिथे काहीच धरलं नव्हतं. खरा तोल माझ्या खुणेपेक्षा जाड टोकाकडे होता, आणि मी तिथेच उभी होते.

"खाली घे! वाळू आहे आत!" काका ओरडला.

"ट्रक खोळंबलाय," फोरमन म्हणाला. "असेल थोडी. साधारण..." आणि त्याने क्रेनवाल्याला वर घ्यायचा इशारा केला.

काकाचा ठोसा त्याच्या तोंडावर बसला. फोरमन दोन दात थुंकत खाली बसला, पण क्रेनने तोवर ओझं आणखी वर उचललं होतं. जाड टोक खचलं, साखळी सरकली. काकाने धावत येऊन माझ्या बरगड्यांत लाथ घातली. मी खांबापलीकडे जाऊन आदळले आणि माझं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. पाठोपाठ दुसरा आवाज आला, तो काकाच्या डाव्या हाताचा होता. शंकू आणि खांब यांच्यामध्ये कोपराखालचं काही उरलं नाही.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी मला त्याच्या खाटेपाशी नेलं. इतकं सगळं होऊनही माझ्या तोंडून निघालं, "काका, माझं गणित बरोबर होतं."

उरलेल्या हाताने त्याने माझ्या सणसणीत थोबाडीत दिली.

"कागदाला विचारलंस. लोखंडाला विचारलंस?"

मग तोच हात त्याने स्वतःच्या गालावर हाणला, तितक्याच जोराने. नर्स धावत आली. तो पुन्हा हात उगारत होता, मी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"तुझी खूण होती ना," तो लहान मुलासारखा रडत म्हणाला, "म्हणून मी ठोकलं नाही."