शेठच्या गाडीतला तोच प्लग

"सहा?" फुलचंदशेठ म्हणाले. "मन्ही गाडीले नुसता सहा?"

त्यांच्या गाडीतून काढलेले चार जुने स्पार्क प्लग माझ्या काउंटरवर पडले होते. पेट्रोल गाडीत ठिणगी पाडतात ते हे प्लग. वरची अक्षरं पार पुसट झाली होती. एकावर खडू घासून बोटाने पुसला, तेव्हा कुठे नंबर उमटला. त्यातला शेवटचा आकडा सहा होता आणि शेठना तो अजिबात आवडला नव्हता.

"यानापेक्षा मोठा दखाडा. नऊ शे का?" म्हणजे नऊ आहे का. आमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात.

"नऊ शे. पन तो तुमना गाडीना नही शे."

"शे ना? मंग द्या."

शेठ नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी. मी स्पेअर पार्ट्सच्या दुकानाची मालकीण. दुकान सासऱ्यांनी काढलं, ते गेल्यापासून काउंटर मीच सांभाळते. यजमान शाळेत मराठी शिकवतात. त्यांना पाना आणि प्लग यांतला फरक अजून कळत नाही, पण ते तसं कबूल करतात. गाड्यांच्या बाबतीत असं कबूल करणारा पुरुष मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि गाडी म्हणजे शेठची लाल, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार. तरुणपणी बडोद्याच्या एका हौशी माणसाकडून आणलेली. ती त्यांच्या पथारीवर एका शेडमध्ये असते. पथारी म्हणजे ओली मिरची वाळत घालायचं मैदान. तिथे गेलेला माणूस आधी शिंकतो, मग बोलतो. दसऱ्याला चार हमाल गाडी ढकलून बाहेर काढत, हार घालत आणि परत ढकलून आत ठेवत. स्पोर्ट म्हणावा तर एवढाच, आणि तोही हमालांचा. आता मात्र धाकट्या मुलीचं, रिद्धीचं लग्न ठरलं होतं. तिची पाठवणी याच गाडीतून, पुढे बँड लावून, सबंध बाजारपेठेतून होणार, असं शेठनी गावभर सांगून ठेवलं होतं. कार्ब्युरेटर, टाकी, ब्रेक सगळं मेकॅनिकने नीट केलं. राहिले होते फक्त प्लग.

प्लग निवडताना तीन गोष्टी बघायच्या. आट्यांची जाडी, आट्यांची लांबी आणि हीट रेंज. जाडी चुकली तर प्लग बसतच नाही. लांबी चुकली तर बसतो आणि आत पिस्टनला ठोकतो. हीट रेंज चुकली तर मात्र झकास बसतो, गाडी सुरूही होते, आणि पस्तावायला आपण मोकळे. प्लगचं टोक किती गरम राहणार, त्याचा हा आकडा. मी विकते त्या कंपनीत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. रेसची गाडी सारखी सुसाट पळते, तिथे टोक वितळू नये म्हणून थंड प्लग लागतो. आमच्या गाड्या म्हैस, वरात आणि पुढारी यांच्या मागून चालतात. त्यांना गरम प्लग हवा, कारण टोक गरम असेल तरच त्यावरची काजळी जळून जाते. तवा तापलेला असला की भाकरी चिकटत नाही, तसंच. दुसऱ्या एका कंपनीचे आकडे बरोबर उलटे चालतात. तिथे मोठा आकडा मागणारा माणूस चुकून बरोबरही ठरतो.

पण मिरचीच्या लिलावात आकडा चढतो तो चांगल्या मालाचाच. शेठचं आयुष्य चढत्या आकड्यांत गेलेलं. म्हणून मी त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं.

"शेठ, तुम्ही समदासले तिखट मिरचीच इकतस का? कोनले रंग जोयजे, कोनले तिखट जोयजे."

"ते येगळं शे, भाभी. ते मिरचीनं शे."

सोबत त्यांचे मोठे जावई होते. पुण्याचे. तोंड त्यांचं होतं, पण बोलत होता त्यांचा मोबाईल. "काकू, ग्रुपवर सगळे नऊच रेकमेंड करतात," ते म्हणाले. "ट्रॅकवर नऊशिवाय पर्याय नाही."

"नंदुरबारात ट्रॅक कुठे आहे?"

त्यांनी मोबाईलकडे बघितलं. मोबाईललाही माहीत नव्हतं. मग त्यांनी विषय बदलला. "हा सहा नंबर अजून कुठल्या गाडीला लागतो?"

इथे मी खरं बोलायला नको होतं. "शाळेच्या व्हॅनला," मी म्हटलं.

शेठचा चेहरा त्यांच्या मालाच्या रंगाचा झाला. "पोरे शाळामा सोडस ती व्हॅन? तिना प्लग मन्ही गाडीमा?"

मी दुकानदार आहे. गिऱ्हाईकाला दोनदा सांगते, तिसऱ्यांदा पिशवी देते. शेठ नऊ नंबरचे चार प्लग घेऊन गेले.

रविवारी धानोऱ्याच्या रस्त्यावर ट्रायल झाली. गाडी अशी पळाली की शेठनी दुकानात पेढे पाठवले. सोबत निरोप होता: भाभीले सांगा, नऊ नंबर. पेढे चांगले होते. गाडी पळणारच होती. मोकळ्या रस्त्यावर इंजिन तापतं आणि थंड प्लगसुद्धा साफ राहतो. पाठवणी मात्र काही धानोऱ्याच्या रस्त्याने निघणार नव्हती. पाठवणी निघते बँडवाल्याच्या चालीने, आणि बँडवाला पाच पावलं चालून नाचणाऱ्यांसाठी उभा राहतो. पण पेढे घेऊन आलेल्या हमालाला हे सांगून काय उपयोग?

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी रिद्धी दुकानात आली. हातभर मेंदी, सोबत कोणी नाही.

"काकू, खरं सांग. गाडी उद्या चालीन का?"

"ट्रायल तर झाई ना?"

"येताना फाटक लागेल व्हतं. तठे थांबनूत, तवय गाडी खोकाले लागनी. पप्पा म्हनतस पेट्रोल खराब शे."

लहानपणी ही मुलगी ताडपत्रीखालच्या त्या गाडीत बसून तोंडाने हॉर्न वाजवायची. शेठनी तेव्हाच तिला शब्द दिला होता, की तू याच गाडीतून सासरी जाशील. ती सुरतेला जाणार होती. मी तिला म्हटलं, बंद पडली तर पडली, ढकलतील. गाडीला सवय आहे.

"गाडीनं माले काही नही, काकू. बंद पडनी ना, तर पप्पा चिडतीन. ड्रायव्हरवर, बँडवालावर, मम्मीवर. समदा गावना समोर. मन्हा घरना शेवटना दिन शे. त्या दिनले त्यास्नी कोनवर ओरडाले नको."

त्या बापाचा ओरडा मी काउंटरच्या अलीकडून बरीच वर्षं ऐकलेला आहे, आणि तिने तर तो घरात ऐकलेला. मी सहा नंबरचे चार प्लग आणि प्लगपाना पिशवीत टाकला.

"मी बदलू का?" मी विचारलं.

"नही. तू फक्त दखाड. मी बदलसू."

पथारीवर जेवणाची सुट्टी होती. आम्ही दोघी आधी पोटभर शिंकलो. मेंदीला धक्का लागू नये म्हणून तिने मिरची निवडायचे हातमोजे चढवले. प्लग नेहमी थंड इंजिनमधून काढावा आणि नवा आधी नुसत्या बोटांनी फिरवावा, म्हणजे आटे वाकडे जात नाहीत. पाना शेवटी. तीन प्लग सरळ निघाले. चौथा मागच्या कोपऱ्यात होता, तिथे तिच्या बांगड्या अडकल्या. तिने त्या सगळ्या काढून माझ्या हातात दिल्या आणि पुन्हा वाकली. निघालेले प्लग काजळीने काळे झाले होते. त्या एका फाटकापाशी उभं राहण्याचा तो प्रताप.

जुने प्लग मी पिशवीत घातले. नऊ नंबरचं रिकामं खोकं डॅशबोर्डवर दिमाखात ठेवलेलं होतं. ते उचलायला गेले, तर तिने हात धरला.

"ते ऱ्हाऊ दे. पप्पा येनारा-जानाराले दखाडतस."

दुसऱ्या दिवशी पाठवणी माझ्या दुकानावरून गेली. शेठ स्वतः चालवत होते. शेजारी रिद्धी, मागच्या इवल्याशा सीटवर नवरदेव, गुडघे हनुवटीला टेकवून. नेमकं माझ्या दारासमोर बँडवाल्याला स्फुरण चढलं. वऱ्हाड नाचू लागलं ते थांबेचना. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू. मी दुकानात कान लावून उभी होते. एकदाही खोकली नाही.

शेठनी खिडकीतून ते खोकं मला दाखवलं. "दखा भाभी. नऊ."

मी मान डोलावली. रिद्धीने डोळ्यांना पदर लावला होता. रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही.

पुढचं तिने मला सुरतेहून फोनवर सांगितलं. गावाबाहेर सासरची गाडी उभी होती. तिथे शेठनी तिला उतरवून दिलं आणि स्वतः पुन्हा आत जाऊन बसले. स्टिअरिंगवर डोकं टेकून खूप वेळ रडले. इंजिन बंद करायचंही भान नव्हतं, आणि ते आपणहून बंद पडलं नाही. "मी पप्पासले पहिलांदाच रडताना दखं, काकू," ती म्हणाली. नऊ नंबर असते तर बॉनेट उघडून ते मेकॅनिकच्या नावाने ओरडत बसले असते, आणि तिने जाताना तेच पाहिलं असतं.

मोठ्या जावईबापूंनी ग्रुपवर लिहिलं, की नऊ नंबर वरातीतही उत्तम चालतो, स्वतः अनुभव घेतला आहे. तेव्हापासून जुन्या गाड्यांचे हौशी लोक माझ्याकडे येतात. परवा ब्राह्मणपुरीचे एक बागायतदार आले.

"फुलचंदशेठना गाडीमा जो प्लग शे, तो जोयजे."

मी गाडी कोणती ते विचारलं, आटे आणि लांबी तपासली. त्यांनाही सहाच लागत होता.

"तोच जोयजे ना? शेठना गाडीमा शे तोच?" मी विचारलं.

"तोच. दुसरा दखाडूच नका."

मी सहा नंबरचे चार दिले. ते खोक्याकडे न बघता खूश होऊन गेले.

इतक्या वर्षांत या धंद्यात मी एवढंच शिकले. गिऱ्हाईकाला खोकं लागतं आणि गाडीला प्लग लागतो. दोघांना आपापलं मिळालं की तक्रार येत नाही. शेठचे नऊ नंबरचे चार प्लग घासूनपुसून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवले आहेत. नंदुरबारात ट्रॅक झाला की परत करीन.