मी घासलेली उल्का

अक्काचा दगड मी चिंचेने घासला, हे मी तिला दोन दिवस सांगितलं नव्हतं.

तंजावरकडच्या शेतात आमच्या वडिलांनी, आप्पांनी, तो आकाशातून पडताना पाहिला होता. आप्पा वारल्यावर तो अक्काच्या अण्णा नगरातल्या देवघरात आला. भावोजी त्याला लोखंडाच्या भट्टीतला मळ म्हणत. "तुझ्या बापाला गोष्टी रचायची हौस," हे माझ्या बहिणीने वीस वर्षं ऐकलं. शेवटी तिने खात्री करून घ्यायचं ठरवलं. उल्का जमवणारे एक निवृत्त प्राध्यापक रविवारी येणार होते.

शुक्रवारी पितळेचे देव घासायचे असतात. अक्का बाहेर गेली होती, म्हणून ते काम मी घेतलं. पाहुणे येणार आणि दगड असा काळवंडलेला, म्हणून समयांबरोबर त्यालाही चिंच आणि काथ्या लावला. एक बाजू राखाडी झाली तेव्हा घाबरलो आणि ती भिंतीकडे फिरवून ठेवली.

प्राध्यापकांनी दगड उलटला. "हे कुणी केलं? उल्का जळत खाली येते तेव्हा ही काळी साल धरते. हौशी लोक सालीचेच पैसे देतात. त्यांच्या लेखी किंमत अर्ध्यावर आली."

"मी केलं, अक्का," मी म्हणालो. माझे कान तापले होते.

"अय्यो! शिकलेला माणूस ना तू?"

प्राध्यापकांनी भिंग काढलं. घासलेल्या जागी धातूचे बारीक ठिपके चमकत होते, मधे गोल कण. "उल्काच आहे. पडताना कुणी पाहिली होती?"

अक्काने आप्पांचं पंचांग आणलं. समासात त्यांनी तिथी, वेळ, शेताचा कोपरा, आवाज, सगळं लिहून ठेवलं होतं. प्राध्यापकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "वजनावर घेणारे असतात, सालीवर घेणारे असतात. पण पडल्याची जागा आणि वेळ ठाऊक असलेली उल्का अभ्यासकाला कितीतरी मोलाची."

अक्काने किंमत विचारलीच नाही. "म्हणजे आमचे आप्पा खरं बोलत होते?"

"अक्षर न् अक्षर."

माझी चूक त्याने पुसली जात नाही, हे मला कळत होतं. तरी त्या क्षणी मी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

अक्काने फोन उचलून शेजारी बसलेल्या भावोजींच्या मांडीवर ठेवला. "करा. ज्यांच्यासमोर आप्पांना खोटं ठरवलंत त्या सगळ्यांना. तुमच्या ताईंपासून सुरुवात."

भावोजींनी केले. पहिल्या फोनला कुरकुरत सांगितलं. तिसऱ्याला मात्र छाती फुगवून म्हणत होते, "अहो, आमच्या सासऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली!"